कन्झम्प्शन शाखेत अडकलेला क्षय

प्रति,
मा. उपसंचालक श्री. शरच्चंद्र खांबेटे साहेब,
केंद्रीय खर्च-अंदाज कार्यालय, कलकत्ता.

अर्जदार: मनोहर गंगाराम दळवी, दप्तरी, राहणार बराकपूर.

विषय: अर्जदाराची पत्नी सौ. कालिंदी हिला क्षयरोग रुग्णालयातील राखीव खाट मिळावी म्हणून शिफारसपत्रावर सही होणेबाबत. दुसऱ्या कशाहीबाबत नाही.

संदर्भ: अर्जदाराचा इंग्रजी अर्ज, दि. ११ एप्रिल १९७२, जो अकरा महिने याच इमारतीत फिरतो आहे.

महोदय,

१. अर्जदार या कार्यालयात एकोणीस वर्षे दप्तरी आहे. या शाखेची फाइल त्या शाखेत नेऊन ठेवायची, हे त्याचे काम. फाइल उघडून वाचली तर मेमो मिळतो, म्हणून तो वाचत नाही. हा अर्ज मराठीत आहे, कारण गेल्या गुरुवारी आपण फोनवर घरी सांगत होतात की घसा बसलाय, आज भरली वांगी नकोत. दार उघडे होते. आपण मराठी आहात हे अर्जदाराला तेव्हा कळले. मराठीत क्षय वेगळा आणि खप वेगळा. हे पुढे उपयोगी पडेल.

२. अर्जदार चौथी शिकलेला. इंग्रजी त्याने फूटपाथवर घेतलेल्या जुन्या शब्दकोशावरून स्वतः शिकून घेतले. त्या शब्दकोशात क्षयाला कन्झम्प्शन म्हटले आहे. म्हणून त्याने लिहिले की माझ्या पत्नीला कन्झम्प्शन आहे, ते वाढते आहे, सरकारने लक्ष घालावे. आवक विभागाच्या हलदारबाबूंनी तो एक शब्द वाचला आणि अर्ज सरळ सरकारी कन्झम्प्शन शाखेकडे लावला, म्हणजे देशाच्या उत्पन्नात सरकारचा स्वतःचा उपभोग खर्च किती, हे काढणारी शाखा. सोबतचा एक्स-रे तिथून आलेख विभागात गेला. तो दोन महिन्यांनी परत आला, शेरा असा: "मापनप्रमाण दिलेले नाही."

३. पुढे शाखेने अर्जदारास लेखी विचारले, सदर उपभोग खाजगी आहे की सरकारी, याचा खुलासा करावा. अर्जदाराला वाटले, औषधाचा खर्च कोणाचा असे विचारताहेत. त्याने प्रामाणिकपणे कळवले की पत्नी खाजगी आहे, परंतु अर्जदार सरकारी आहे. त्यावर खाजगी उपभोग मोजणारी आणि सरकारी उपभोग मोजणारी, अशा दोन शाखांचा वाद पेटला. फाइल सात वेळा वर गेली, सात वेळा खाली आली. नेणारा दर वेळी अर्जदारच. आपल्याच बायकोचा आजार बगलेत धरून तो हे जिने चढत होता आणि बगलेत काय आहे ते त्याला ठाऊक नव्हते.

४. फेब्रुवारीत शाखेतल्या लीनादी सेन यांनी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. तसे करणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांनी अर्जदाराला बोलावून कागद पुढे सरकवला आणि हळूच म्हटले, "मनोहरदा, हा आकडा नाही. ही तर बाई आहे."

५. अर्जदाराने कागद परत मागितला. उत्तर मिळाले, एक्स-रे न्यावा, कागदाला मात्र नोंद क्रमांक पडला आहे, वर्षाचे कोष्टक छापून होईपर्यंत कागद हलत नाही. कोष्टक जूनमध्ये छापते. लीनादींनी हेही समजावले की सरकारी कामाला बाजारात भाव नसतो, म्हणून पगारापोटी जे जाते तेच त्या कामाचे मोल धरतात. देशाच्या शंभर रुपयांतले नऊच्या आसपास असे मोजले जातात. म्हणजे अकरा महिने हा कागद फिरवणाऱ्यांचा पगार राष्ट्रीय उत्पन्नात जमा झाला, त्यात अर्जदाराचाही. कालिंदी खोकत राहिली तेवढा देश वाढला. साहेब, अर्जदार अडाणी असेल, पण हा हिशेब ज्याने बसवला त्याच्या तोंडावर तो सांगेल की हे मोल नव्हे, ही कीड आहे. मेमो द्यायचा तर खुशाल द्यावा. सही झाल्यावर द्यावा.

६. कालिंदी आता कलकत्त्याला येणारी सियालदाची गाडी धरू शकत नाही. स्टेशनापर्यंतच्या वाटेवर तीनदा बसते. परवा हे सारे ऐकल्यावर ती हसली, हसताना खोकली आणि तोंडाला लावलेला पदर बघून तो तिने मुठीत मिटला. मग म्हणाली, "अहो, मला त्या कोष्टकातून आधी उठवा. खाटेवर मी माझी जाऊन निजेन."

७. रुग्णालयात सरकारी नोकरांच्या घरच्यांसाठी राखीव असलेली एक खाट सोमवारी रिकामी झाली. शनिवारी दुपारी बारापर्यंत शिफारसपत्र पोचले नाही तर ती दुसऱ्याला जाईल. तो दुसराही कोणाचा तरी असेल, त्याच्याबद्दल राग नाही. जून मात्र कालिंदीला दिसेल असे डॉक्टर म्हणत नाहीत.

८. तरी विनंती की हा अर्ज कोणत्याही शाखेकडे पाठवू नये. त्यावर शेरा मारू नये, क्रमांक घालू नये, खुलासा मागू नये. अर्ज न्यायला शिपाई बोलावू नये. बोलावलात तर अर्जदारच आत येईल, कारण या मजल्यावर तोच आहे. शिफारसपत्र टाइप करून सोबत जोडले आहे. आपण फक्त नाव लिहायचे. त्याला देशाच्या उत्पन्नातला एक पैसाही लागत नाही.

आपल्या दाराबाहेर उभा असलेला,
आपला नम्र,
मनोहर गंगाराम दळवी

कलकत्ता, दि. १४ मार्च १९७३

सोबत:
१. शिफारसपत्र. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे.
२. पेन, शाई भरलेले.
३. एक्स-रे. आलेख विभागाचा शिक्का डाव्या फुप्फुसावर पडला आहे. शिक्क्याच्या खाली पाहावे, डाग तिथेच आहे.