निवांतपूरचं स्थलांतर

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी पोहे, मग संगणकावर निवांतपूर, माझं गेममधलं शहर. स्टेशनमागचा चौक सोडवायला घेतला, तेवढ्यात सगळा पडदा निळा. "आपला संगणक नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही." खाली दोनच बटणं. 'नवा संगणक पाहा' आणि 'नंतर आठवण करा'. 'नको' असं बटणच नाही. लग्न जमवताना सुद्धा मला एवढ्या वेळा कोणी अपात्र ठरवलं नव्हतं. आठवड्यातला तिसरा निरोप.

मशीनला काही झालेलं नाही. वि.ने आणि मी मिळून जोडलंय ते, स्क्रू न् स्क्रू.

चौक सुटला. सिग्नल काढले, मधे गोल केला, गाड्या अशा सुटल्या! वि.ला हाक मारून दाखवलं. नवरा म्हणाला, "छान. गॅस बंद करू का आता?" दूध उतू गेलेलं.

लोकसंख्या ८३,४१२.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिस. एकाच वळणाचा नकाशा चौथ्यांदा. पहिल्यांदा फूटपाथ होता, मग काढला, मग घातला, आता साहेब म्हणतात 'जागेनुसार' लिहा. बावीस वर्षं मी रस्ते काढतेय. बरेचसे कपाटात आहेत.

म्हणून निवांतपूर. सात वर्षांपूर्वी पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा मृण्मयीने हा शहर वसवायचा गेम घालून दिला. तिला वाटलं दीड महिन्याचा विरंगुळा. पण तिथे मी फूटपाथ काढला की फूटपाथ होतो! लोक त्यावरून चालायला लागतात. अजूनही बघत बसते.

मृ.चा पुण्याहून फोन.
"आई, नवा लॅपटॉप घेऊन टाक ना."
"जुन्या मशीनला काय झालंय?"
"काही नाही. कंपनीला नकोय ते."
पोरगी खरं बोलते तेव्हाच जास्त राग येतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

झालं. गेमच्या दुकानाचं ॲप उघडलंच नाही. "या सिस्टीमवर ही सेवा बंद झाली आहे." दुकान म्हणतं सिस्टीम बदला. सिस्टीम म्हणते मशीन बदला. मी मधे, हातात चहा घेऊन.

गेम विकत घेतलेला, पण दुकानातून गेल्याशिवाय उघडत नाही. आज पहिल्यांदा अटी वाचल्या. मी काही विकत घेतलेलंच नाही म्हणे. वापरायची परवानगी आहे फक्त. सात वर्षं स्वतःला महापौर समजत होते. निघाले भाडेकरू.

वि. म्हणाला, "दुसरं बांध की." बोलले नाही त्याच्याशी. जेवताना आपणहून म्हणाला, "नदीकाठची बाग मात्र परत दिसायला पाहिजे." म्हणजे हा मागे उभा राहून बघत असतो.

९ नोव्हेंबर, रविवार

केडगावला डॅनियल सरांकडे. वि.च्या शाळेत सायन्स लॅब सांभाळायचे, आता निवृत्त. चर्चच्या गायनमंडळाची गाणी टाईप करून छापतात, आणि ती माझ्यापेक्षा जुन्या मशीनवर! पटापट चाललेलं. लिनक्स.

मी म्हटलं, "सर, हे प्रोग्रामर लोकांचं ना?"
"मी प्रोग्रामर दिसतो का?" (बनियन, खांद्यावर टॉवेल.) "सिस्टीमच ती. ही कोणाची एकट्याची नाही, त्यामुळे कोणी तुम्हाला हाकलत नाही."
"आणि माझा गेम? तो तर त्या जुन्या सिस्टीमसाठी केलेला."
"मधे एक दुभाषा बसतो. गेम त्याच्या भाषेत बोलतो, हा इकडे समजावून सांगतो. बहुतेक वेळा जमतं."
"बहुतेक?"
"देवाच्या कृपेने," म्हणाले आणि हसले.

सरांच्या बायकोने, सुशीलाबाईंनी, गरम गरम शेवया दिल्या. त्यांच्या मते घरात माणसांपेक्षा मशीनंच पेशंट म्हणून जास्त येतात. निघताना सरांनी पेन ड्राइव्ह दिला आणि तीनदा बजावलं, आधी शहराची प्रत काढून ठेवा, मगच जुनं पुसा.

येताना स्कूटरवर गाणं म्हणत आले. वि. म्हणाला हळू चालव.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी. सकाळी नऊला सुरू. निवांतपूरचं फोल्डर शोधलं, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढलं. वि. शेजारी उभा, गळ्यात शिट्टी नव्हती एवढंच. पीटीचे मास्तर घरी सुद्धा असेच उभे राहतात.

'सर्व पुसले जाईल. खात्री आहे?' खात्री कसली. दाबलं.

वीस मिनिटं. चहा होईपर्यंत नवी सिस्टीम हजर. जाहिरात नाही, 'तुमचं खातं जोडा' नाही, पात्र-अपात्र नाही. मराठी निवडलं तर सगळं मराठीत! फक्त आवाज येईना. तासभर काय काय टाईप केलं. मग वि.ने वाकून स्पीकरची पिन नीट बसवली. त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. दुपारपर्यंत तेच सांगत होता.

मग फोल्डर उघडलं.

तारीख दोन वर्षांपूर्वीची. लोकसंख्या ५१ हजार. कधीतरी केलेली जुनी प्रत उचलली मी. खरी कुठे होती कोण जाणे, आणि आता सगळं पुसलंय. बाग नाही, स्टेशन नाही, तो चौक नाही.

भाजी वि.नेच चिरली.

१६ नोव्हेंबर, रविवार

सरांना फोन. उपासना चालू होती, नंतर त्यांनीच केला. "अहो, दुकानाचं ॲप टाका आधी. त्यांच्याकडे आपोआप एक प्रत जात असते. तुम्ही कधी बंद केलं नसेल तर."

मी काय बंद केलंय नि काय चालू, मला कुठे माहीत.

ॲप टाकलं. लिनक्सवर गुमान चाललं. पासवर्ड दिला, तर ओटीपी मृण्मयीच्या मोबाईलवर. सात वर्षांपूर्वी तिनेच खातं उघडलेलं ना. झोपेतून उठवली. "आई, रविवार आहे." "आकडे सांग!" सांगितले. चुकीचे. परत. "आई, सहा की आठ मलाच दिसत नाहीये, थांब चष्मा—"

मग ते वर्तुळ फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि चौक. माझा चौक! मधला गोल, भोवती गाड्या, बागेतले लोक. ८३ हजार. एकही माणूस हरवला नाही.

किंचाळले. खालच्या जोशीकाकू वर आल्या, काय झालं म्हणून. शहर सापडलं म्हटलं. "बरं झालं," म्हणाल्या आणि गेल्या.

आठवडाभर ज्या दुकानाला बोल लावले त्यानेच सांभाळून ठेवलं होतं. शिव्या मागे घेतल्या. अर्ध्या.

(जुन्या सिस्टीमवर बसगाड्या अडखळायच्या, आता सरळ जातात.)

२२ नोव्हेंबर, शनिवार

वि.ची पंचाईत. त्याचा ऑनलाईन फुटबॉल, शनिवारी जुने विद्यार्थी जमतात, कोण पुण्यात, कोण दुबईत. तो गेम लिनक्सवर उघडतच नाही. त्यात चोऱ्या पकडणारा एक पहारेकरी असतो, त्याला ही सिस्टीम दिसली की तो दारच लावतो.

"म्हणजे मी चोर?" एकतीस वर्षं पोरांना सांगत आलाय की चीटिंग करून मिळालेली ढाल घरी नेऊ नका.

कंपनीला पत्र लिहायला बसला. "महोदय," इथून सुरुवात. "मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असून" वगैरे. मृ.ने इंग्रजी करून पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर: तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. वि. म्हणाला, "वाचलं तरी!" मी सांगितलं नाही त्याला, की ते यंत्र पाठवतं.

मशीनवर दोन्ही सिस्टीम ठेवायच्या का, यावर घरात एकमत नाही. तूर्त त्याला निवांतपूरच्या उत्तरेला मैदानासाठी जागा दिली. चारशे मीटरचा ट्रॅक हवाय त्याला. शेजारची दोन घरं हलवा म्हणतो. लोकांना विचारावं लागेल म्हटलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आई आली मिरजगावहून, डोळे दाखवायला. डॉक्टर म्हणाले चांगले आहेत, थेंब घाला. घरी आली ती सरळ माझ्या खुर्चीत.

"ह्ये काय हाय?"
"माझं शहर. मी वसवलंय."
बराच वेळ बघितलं. "रस्तं लई भारी हायेत गं." मग, "बाजार कुठं भरतो?"
"हे मॉल आहेत ना, हे तीन."
"आगं त्ये न्हाई. सोमवारचा, मंगळवारचा. मानसं खाली बसत्यात त्यो."

तसा बाजार गेममध्ये नसतो. आईने चाळीस वर्षं आठवडी बाजारात बांगड्या विकल्या. तिला कसं सांगणार?

"ह्या येवढ्या जागंत काय हाय?"
"पार्किंग."
"गाड्यांना येवढी जागा? आन् मानूस कुठं बसतंय?"

बावीस वर्षांत साहेबांनी असा प्रश्न विचारलेला नाही. मीही नाही.

पार्किंग काढलं. मोकळी जागा, कडेने झाडं, मधे पाणी. लोक आले, आपले आपण! बाकांवर बसले. आई पदराने तोंड झाकून हसत होती. "त्यो बघ, त्यो म्हातारा, त्यो बसला. आता त्या लिंबाखाली माझं दुकान." ते लिंबाचं झाड नव्हतं, पण असू दे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसातल्या सहाही मशीनवर तोच निळा पडदा. अपात्र, अपात्र, ओळीने. साहेब हवालदिल. मशीनं भंगारात काढावी लागणार, असं कोणीतरी त्यांना सांगितलेलं.

माझ्या तोंडून गेलं, "काढू नका. मी बघते."
सगळे बघायला लागले.
"तुम्ही? तुम्हाला कसं येतं हे?"
"घरी केलंय."
"घरी कशासाठी?"
आता काय सांगावं. सांगितलं. एक्कावन्नाव्या वर्षी, सगळ्या ऑफिससमोर, की मी गेम खेळते. कोणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "दाखवा."

३० नोव्हेंबर, रविवार

साहेब खरंच आले आमच्या घरी, सावेडीला. येताना पेढे. वि.ने कधी नव्हे तो इस्त्रीचा शर्ट घातला.

खुर्चीत बसले, चष्मा वर केला. माऊस कसा धरायचा ते मी सांगितलं, त्यांनी ऐकलं. मग, "हा उड्डाणपूल कोणी मंजूर केला?"
"मी."
"उतार जरा जास्त आहे."
"गाड्या चढतात, बघा."
बघितलं. चढत होत्या. "हम्म," म्हणाले. बागेत दोनदा गेले. फूटपाथवर थांबले. "सलग आहे?"
"सगळीकडे."

जाताना दारात: "एक मशीन देतो. एकच. आपला नकाशाचा प्रोग्राम त्यावर चालला तर पुढचं बोलू."

चालेल का? डॅनियल सरांना विचारलं. "बहुतेक," म्हणाले. त्यांना सांगितलं, उद्या तुम्ही पण या.

१ डिसेंबर, सोमवार

खिडकीजवळचं मशीन. प्रत काढली, तारीख वाचली, परत वाचली, मोठ्याने वाचली. मग पुसलं. सिस्टीम लागली, आवाज पहिल्या झटक्यात. आता दुभाष्याला बसवलंय आणि नकाशाचा प्रोग्राम चढतोय. एकसष्ट टक्के. मघापासून एकसष्टच.

डॅनियल सर आलेत, ते शांत आहेत, म्हणून मीही. साहेबांनी आपली खुर्ची केबिनमधून बाहेर ओढून आणलीय, माझ्या टेबलाशी, आणि टक्क्यांच्या पट्टीकडे बघत बसलेत. आत्ता तो चारदा काढलेला नकाशा पुढे धरून विचारलं, "या वळणावर फूटपाथ सलग नेला तर किती जागा लागेल हो?"

बासष्ट.