यादीत नसलेलं नाव

आदरणीय पाळकसाहेब,
सलाम.

रविवारी वाऱ्यामुळे तुमची बोट अर्ध्यातून परत फिरली. पण समुद्रात गेलेल्यांच्या स्मरणाची उपासना आपल्या बेटावर झाली, आणि ती माझ्या वहिनीने चालवली. गीतं तिला पाठच होती. नावांची यादी तेवढी माझ्या हातची होती.

नऊ वर्षांपूर्वी दादाबरोबर होडीचा नावाडीही बुडाला. वादळ दिसत असताना त्याने होडी काढली, म्हणून मी त्याचं नाव यादीत कधी घातलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा ‘त्याच्या आईलाच नको आहे’ अशी थाप मारली. ती म्हातारी दरवर्षी शेवटच्या बाकावर बसून यादी संपेपर्यंत ऐकायची आणि मुकाट्याने निघून जायची.

रविवारी वहिनीने दादाचं नाव वाचलं आणि त्याच्या पाठोपाठ, कागदाकडे न बघता, नावाड्याचं घेतलं. म्हातारी ओंजळीत तोंड धरून रडायला लागली. वहिनी खाली उतरली आणि तिला हाताला धरून आमच्या बाकावर घेऊन आली.

घरी आल्यावर मी तणतणलो, “त्याच्यामुळे दादा गेला, वहिनी!”

ती शांतपणे म्हणाली, “भाऊजी, वादळ तुमच्या दादांनाही दिसत होतं. तेही चढलेच ना?”

एवढं मोठं मन माझ्याच घरात होतं आणि मला पत्ता नव्हता.

हे पत्र अजून बोटीवर दिलेलं नाही. माझी थाप आधी म्हातारीला तिच्या दारात जाऊन सांगायला हवी.

आपला,
चर्चची घंटा वाजवणारा