भोंग्याचा सा

पप्पा,

तुम्ही गेल्यावर बँडमधला तुमचा भोंगा मी वाजवायला घेतला, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. त्या मोठ्या पितळी वाद्याला लोक ट्यूबा म्हणतात, आपल्या घरात तो भोंगाच. आज जयंतीची मिरवणूक, आणि सकाळीच त्याचा व्हॉल्व्ह, सूर बदलायचं बटण, अडकला. भायखळ्याच्या बँडकडून दुसरा मागून आणला. सा फुंकला, अगदी चोख लागला. मी खूश. सवयीने रेसाठी पहिला व्हॉल्व्ह दाबला, तर असला भलताच सूर निघाला की सगळे वाजवायचे थांबले. तुमच्या बँडमधले कॉर्नेट वाजवणारे काका हसत म्हणाले, "अगं, तुझा बी फ्लॅट पट्टीचा, हा ई फ्लॅट पट्टीचा. तुझा सा म्हणजे ह्याचा पंचम, म्हणून सा लागला नि फसलीस. रेला पयला-दुसरा एकदम दाब, गंधाराला नुसता दुसरा." मिरवणूक संध्याकाळी होती आणि तुमच्या जागी मी उभी राहणार होते.

मग दादरची ती वरात आठवली. आईचा हात धरून मी बँडच्या मागे चालतेय. तुमचा भोंगा मध्येच बिघडतो, कुणीतरी दुसऱ्या पट्टीचा भोंगा हातात देतं. तुम्ही एकदाच हळू फुंकून बघता आणि पुढच्या ओळीला हजर. नाचणाऱ्यांपैकी एकानेही मान वळवली नाही. घरी स्वयंपाकघरात मी कसं जमलं विचारलं, तेव्हा पिठाच्या डब्यावर बोटं वाजवत तुम्ही म्हणालात, "बोटं काय पाठ करायची? सा कुठं बसलाय ते बघ, बोटं येतात मागनं." मला ती फुशारकी वाटली होती.

आज दुपारभर त्याच स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून सा म्हणताना मनात पंचम धरत होते. एकेक सूर उचलून नव्या जागी ठेवायचा, तोवर आधीचा निसटायचा. डोकं भणभणलं. आणि तुम्ही हे भर रस्त्यात, मे महिन्यात बँडचा तो जाड कोट घालून, चालता चालता केलंत! पप्पा, तुम्ही माणूस होतात की कोण? इतकी वर्षं एका घरात राहून मला पत्ता नव्हता.

मिरवणूक झोकात झाली. आपल्या चाळीपाशी शेजारच्या काकूंनी माझी दृष्ट काढली, म्हणाल्या, "अगदी बापावर गेलीस गं." मी मान डोलावली. खरं म्हणजे नाक्यापासून पुढे मी फक्त सा आणि पंचमच वाजवत होते, बाकीच्या जागी नुसते गाल फुगवले. कुणाला कळलं नाही. तुम्हाला पहिल्याच वळणावर कळलं असतं, म्हणून हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही याचं आज जरा बरंच वाटतंय.