चार गोण्या लेंडीखत

बीड,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय धनश्री,

पत्र माझंच आहे. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडणार असशील तर निदान शेवटच्या पानापर्यंत वाच आणि मग फाड. फोन केला नाही, कारण सहा वर्षांपूर्वी तुझा नंबर मी रागाने पुसून टाकला होता. पाठ मात्र अजून आहे, पण पाठ असलेला नंबर लावायला जो निर्लज्जपणा लागतो तो मला अजून जमलेला नाही. एकतीस वर्षं जिल्हा कोर्टात स्टेनो म्हणून लोकांच्या साक्षी टाइप केल्या. मुद्द्याचं पहिल्या वाक्यात सांगणारा साक्षीदार एकही भेटला नाही. सगळे आधी पाऊसपाण्याचं बोलायचे आणि मी मनातल्या मनात त्यांच्यावर चिडायचे. आता माझी पाळी आहे. तूही चिड.

सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा शेजारच्या सुंदररावांच्या शेळीने गेटातून मान घातली म्हणून. दुसऱ्यांदा बोरीच्या काट्यावर खाटीक पक्षी जिवंत नाकतोडा टोचत होता, तो त्याचा खाटीकखाना पाहायला. तिसऱ्यांदा कशाला उठले ते आठवत नाही. हल्ली असंच होतं. घरात बसलं की अंगणात जावंसं वाटतं, अंगणात गेलं की गेटापर्यंत, आणि गेटाशी उभी राहिले की सुंदरराव आहेतच. परवा म्हणाले, "मॅडम, तुमच्या बागेचं पार जंगल झालं. साप निघतील." मी म्हटलं, निघाला तर आधी तुमच्याकडे पाठवते, तुमच्याकडे फरशी आहे, त्याला चालायला बरं पडेल. तेव्हापासून ते नमस्कार करत नाहीत. शांतता आहे.

जंगल हा शब्द वाचून तुला खोटं वाटेल. तुला माझी बाग आठवते ती लॉनची, क्रोटनची, पट्टी लावल्यासारख्या मेंदीच्या कुंपणाची. मी ती कॉन्व्हेंटात शिकले. सिस्टर आमच्याकडून कुंपण कापून घ्यायच्या आणि नंतर लाकडी पट्टी धरून बघायच्या. एक पान वर आलं असेल तर संध्याकाळचं दूध बंद. वाकडी फांदी आणि वाकडं वळण एकाच कात्रीने काढायचं, हे माझ्या डोक्यात तिथेच बसलं. महिला मंडळाच्या स्पर्धेत माझ्या बागेला दोनदा पहिला नंबर मिळाला आणि दोन्ही वेळा तू म्हणालीस, "आई, तुझ्या बागेत कोणी पाहुणे येत नाहीत." मला वाटलं माणसांबद्दल बोलतेस. तू फुलपाखरांबद्दल बोलत होतीस.

आणि ते तरवडाचं रोप. तू सातवीत होतीस. शिरूरला मामाकडे गेलीस आणि माळावरून उपटून दुधाच्या पिशवीत घालून आणलंस, गेटाशी लावलंस. त्याच्यावर हिरव्या अळ्या झाल्या. तू रोज शाळेत जाताना त्या मोजायचीस. अकरा होत्या. त्या रविवारी जज्जसाहेबांच्या बाई चहाला येणार होत्या. माळरानावरचं, गुरंही खात नाहीत असलं झुडूप माझ्या गेटाशी, तेही अळ्यांसकट! मी ते उपटलं आणि भिंतीपलीकडे टाकलं. जज्जीणबाईंनी क्रोटनची तारीफ केली. तू भिंतीपलीकडे अळ्या शोधायला गेलीस. मी म्हटलं, भाजी करून खायचं झाड तरी असतं तर समजले असते. हे वाक्य मला आजही शब्दन् शब्द आठवतं. टाइप केल्यासारखं.

आता खताचं ऐक. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात माझे गुलाब खंगले. राधाकिशन तुला आठवत असेलच. मला कोर्टात नेणारा-आणणारा रिक्षावाला, आता बागेलाही तोच येतो. त्याला म्हटलं, चांगलं मुरलेलं लेंडीखत आण. त्याने रिक्षात घालून चार गोण्या आणल्या. मी ते सगळ्या वाफ्यांना घातलं. पाऊस पडला आणि गुलाब राहिले बाजूला, लॉनमधून काटेच वर आले. बाभूळ, बोर, हिवर. मेंढरांनी शेंगा आणि बोरं खाल्लेली, बिया लेंडीतून जशाच्या तशा उतरलेल्या. मी संतापले. रोज सकाळी खुरपं घेऊन उपटायला बसायचे. एक बोरीचं रोप होतं वीतभर, पण मूळ सुटेना. मी दोन्ही हातांनी ओढलं. ते निघालं नाही, मीच मागे पडले. घोटा मोडला. वीतभर झाडाने सत्तरीकडे निघालेल्या बाईला आडवं केलं.

तीन महिने ओसरीवर प्लास्टरात पाय पसरून पडले होते. उपटायला कोणी नाही. राधाकिशन यायचा, मोगऱ्याला पाणी घालायचा आणि त्या काट्यांकडे बघून न बघितल्यासारखं करायचा. मला वाटलं आळशी आहे. पडल्या पडल्या काय करणार, बघत बसायचे. पुढल्या दोन पावसाळ्यांत ती झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली. गेटाच्या उजव्या हाताला तरवड पिवळा झाला. त्याच्यावर काळा भुंगा येतो, अंगठ्याएवढा. फुलाला मिठी मारतो आणि नुसता थरथरतो, घूंऽ घूंऽ असा, आणि मग पिवळ्या धुळीत माखून उडतो. अडुळसा सुंदररावांकडून भिंतीखालून आला, त्याच्यावर इवला शिंजीर पक्षी मध प्यायला लटकतो. बोरीत बुलबुलाने घरटं केलं. क्रोटन पंचवीस वर्षं माझ्याकडे राहिला, त्याने कधी चिमणीलासुद्धा बसायला सांगितलं नाही. लॉन आता उरलं नाही. मी पाणी घालणं बंद केलं. का, ते कोणाला सांगितलं नाही. तुलाच पहिल्यांदा सांगते आहे. मला पाहुणे आवडायला लागले होते.

हे इतकं बरं चाललं होतं आणि मी एक प्रश्न विचारला. घटस्थापनेला चार दिवस होते. दसरा काढायचा म्हणून सगळं घर अंगणात, गोधड्या दोरीवर. राधाकिशनला म्हटलं, पुन्हा दोन गोण्या आण, मागे कुठून आणलं होतंस? तो रिक्षाचा आरसा पुसायला लागला. आरसा स्वच्छ होता. "शिरूरकडनं." मी म्हटलं, शिरूर तालुका मोठा आहे. मग खाली बघून म्हणाला, "सिदूतात्याच्या वाडग्यावरनं."

तुझ्या सासऱ्यांच्या मेंढवाड्यातून! तीन वर्षं मी त्यांच्या मेंढरांच्या लेंड्यांतली फुलं देवाला वाहत होते. मी ओरडले, आधी काहून सांगितलं नाहीस? रागात मी त्याच्यासारखंच बोलायला लागते. तो म्हणाला, "तुमी इचारलंच न्हाई बाई. चांगलं खत पायजे म्हनलात. लई चांगलं हाय." मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता सगळं तोडायचं, एक काटा ठेवायचा नाही. तर त्याने कोयता उचलायचं सोडून हात मागे बांधले. "घट बसायच्या तोंडावर तरवड तोडू व्हय? गल्लीतल्या समद्या बाया माळंला फुलं तुमच्यातनंच नेत्यात. देवीचा शाप म्या न्हाई घेनार. दसऱ्यानंतर सांगा, मुळासकट काढतो." हे खरं होतं. नऊ दिवस घटावर तरवडाची माळ चढते, आणि गल्लीत तरवड उरला आहे तो फक्त माझ्याकडे. मी दसऱ्यापर्यंत स्थगिती दिली.

पाचव्या माळेला गेटाशी एक बाई उभी. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात काठी. मी म्हटलं फुलं न्यायला आली असेल. ती म्हणाली, "मी दगडाबाई. माऊलीची आई." मी गेटाची कडी काढली आणि पुन्हा लावली. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "राधाकिशन म्हनला, आमची लेंडी तुमच्यात उगवली. म्हनलं बघून यावं. तेवढ्यासाठी यष्टीनं आले. विहीणबाई, पानी तरी इचारा."

मी पाणी दिलं. मग ती काठी टेकत बागेतून फिरली. मी हजेरीतल्या पोरीसारखी तिच्या मागून. ही बाभूळ गावठी, चांगली. ही वेडी बाभूळ, परदेशी, हिला काढा, दुसऱ्याला जगू देत न्हाई. हा हिवर, ह्याच्या शेंगांवर मेंढरू लई सुटतं. ही बोर, हिनंच पाय मोडला न्हवं? असं म्हणून तोंडाला पदर लावून हसली. तीन वर्षांपूर्वीची माझी फजिती शिरूरपर्यंत पोचली होती तर. तरवडापाशी मात्र ती थांबली. एक शेंग हातात घेतली, चोळली, बिया तळहातावर घेतल्या. "विहीणबाई, ह्याला मेंढी तोंड लावत न्हाई. शेळी न्हाई, गाय बी न्हाई." मी म्हटलं, मग लेंडीतून आलं कसं? ती म्हणाली, "त्येच तर. गोन्या म्या न्हाई भरल्या. ज्यानं भरल्या त्याला इचारा." आणि बसची वेळ झाली म्हणून निघाली. जाताना पाच फुलं ओच्यात घेतली आणि घेण्याआधी मला विचारलं. मी तिच्या घरचं काय काय न विचारता नाकारलं ते मला तेव्हा आठवलं.

ती वळणावर दिसेनाशी झाली आणि मी माळ्यावर चढले, हो, या घोट्याने. चारपैकी एक गोणी जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली होती. राधाकिशनने आणली तेव्हा सुतळी मी खालून कापली होती, तोंडाची शिवण तशीच राहिली होती. गोणीचं तोंड लोक सरळ टाके मारून शिवतात. हे उलट्यापालट्या टाक्याने शिवलं होतं, प्रत्येक टाका मागच्याला ओलांडून. हा टाका सिस्टरांनी मला शिकवला. मी तो एकाच व्यक्तीला शिकवला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि म्हणाली होती की हा माणसाला काही उपयोगाचा नाही.

म्हणजे तुला ठाऊक होतं त्या गोण्या कुठे चालल्या आहेत. तुझ्या लग्नानंतर मी पेपरात दिलेल्या त्या दोन ओळींच्या नोटिशीलाही तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी ती कशी लिहिली ते आता सांगते. मामा येऊन बसला होता, म्हणाला, तालुक्यात मला तोंड दाखवायचं आहे. पण मसुदा मी केला. मी स्वतः टाइप केला, एकही चूक नाही. 'माझी मुलगी धनश्री हिच्याशी यापुढे माझा कोणताही संबंध राहिलेला नाही.' विचारणाऱ्यांना मी कारण सांगितलं शिक्षणाचं, की डिप्लोमा केलेला मुलगा मेंढ्या राखतो. शिक्षण कारण नव्हतं. तू आणि तो एकाच वर्गात शिकलात, त्याचे मार्क तुझ्यापेक्षा जास्त होते. कारण काय होतं ते तुला माहीत होतं, मला माहीत होतं आणि मामाला तर होतंच. ते टाइप करायची माझी हिंमत नव्हती. आणि तू काय केलंस? लेंडीत तरवडाच्या बिया कालवल्यास, तोंड शिवलंस आणि पाठवून दिलंस. चिठ्ठी नाही, निरोप नाही. अकरा अळ्यांचा बदला म्हणून केलंस की आणखी कशासाठी, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारते आहे. म्हणून मला बसवत नाही. दसरा झाला, राधाकिशन कोयता घेऊन आला, "काढू का?" म्हणाला. मी त्याला वेडी बाभूळ काढायला लावली. बाकीच्यांची स्थगिती कायम केली.

आता पत्राचं कारण. सोबत कात्रण जोडलं आहे. काल छापून आलं, हरवलेली गुणपत्रिका आणि बोअरवेलची जाहिरात यांच्या मधोमध. वर्तमानपत्राच्या कचेरीतला गृहस्थ म्हणाला, बाई, नोटीस देणारे खूप येतात, मागे घेणारं कोणी येत नाही, आमच्याकडे नमुनाच नाही. मी म्हटलं, नमुना मी देते, ठेवून द्या, पुढे कोणाला तरी लागेल. मजकूर असा: 'मी, यमुना भ्र. विठ्ठलराव, रा. बीड, हिने सहा वर्षांपूर्वी याच दैनिकात मुलीशी संबंध नसल्याची नोटीस दिली होती. ती खोटी होती. ती मी मागे घेते. धनश्री भ्र. माऊली ही माझी मुलगी आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.' आपल्याकडच्या कागदांत बाईच्या नावापुढे 'भ्र.' लिहून नवऱ्याचं नाव घालतात, ते तुला माहीत आहे. ते मी विचार करून घातलं आहे. मामाची हरकत फोनवर आली, मोठ्या आवाजात. तोंडी हरकत ग्राह्य नाही, असं सांगून मी फोन ठेवला. तुझी हरकत असेल तर मात्र लेखी चालणार नाही. समक्ष ये आणि गेटाशी उभी राहून माझ्या तोंडावर सांग. उजव्या हाताला तरवड आहे. त्याच्यावर या वेळी सतरा अळ्या आहेत. मी रोज सकाळी मोजते.

मोजून झाल्यावर गेटाशीच उभी राहणारी,
तुझीच,
आई

ता.क. माऊलीरावांना घेऊन ये. आणि येताना दोन गोण्या आण. तोंड तूच शिव.