मानाच्या जागेची पेटी

६ मार्च

आज सकाळी, चहाच्या आधी, पक्ष्यांच्या खोलीचं दार उघडलं आणि तिथेच माझं सगळं फिसकटलं. सोनीचं एक पिल्लू घरट्याच्या पेटीखाली जमिनीवर पडलेलं. डोकं सोललेलं. आणि वर, सोनीच्या पेटीच्या भोकात, हिरवी! चोचीला रक्त, छाती फुगवलेली, जणू घर तिच्या बापाचं.

तिला स्वतःची पेटी आहे. डाव्या भिंतीवर, खाली. त्यात तिची पिसं फुटलेली पिल्लं आहेत. तरी ही वर चढली, सोनीला पंजा धरून बाहेर ओढलं आणि आत शिरली. चिमण्यांएवढाल्या या बजी पोपटांच्या अंगात एवढं विष येतं कुठून? नर बिचारे काठीवर बसून गाणी म्हणत होते. भांडण, रक्तपात, सगळं माद्यांचं.

सोनी म्हणजे ताश्कंदहून आणलेली पिवळी. आमच्या मर्गिलान गावात तशी दुसरी नाही. आई म्हणाली होती, "त्या पाखरांतून आधी काही कमाई निपजू दे, मग मी इरोदाच्या दारात तोंड घेऊन जाते." म्हणजे माझं लग्न त्या पेटीत होतं. तीन पिल्लांतलं एक गेलं.

मी ओरडलो म्हणून सबोहत वहिनी पिठाच्या हातांनी धावत आली. बघितलं, आणि म्हणाली, "भाऊजी, कॉलेजात हे शिकवायचं राहिलं होतं वाटतं. थोडं थांबला असतात तर आलं असतं."

या बाईला माझं कॉलेज सुटल्याचा आनंद कधी शिळा होत नाही.

७ मार्च

हिरवीला वेगळ्या पिंजऱ्यात कोंडलं. दिवसभर गज चावते आहे. चाव म्हणावं. तिची पिल्लं नर भरवतोय, एकटा. बाप असावा तर असा.

९ मार्च

पाखरांचे राळे संपले हे निमित्त. बाजारात इरोदा तिच्या मावशीच्या दाण्यांच्या दुकानात होती. निळा रुमाल. मावशी गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती, तेवढ्यात जेवढं बोलता आलं तेवढं.

म्हटलं, हिरवीला विकून टाकतो.

"खुनी आहे असं सांगून, की लपवून?"

"मग मान मुरगळतो."

"तुम्ही? ईदला मेंढा आणला की तुम्ही मागच्या दाराने पळता. तुमच्या वहिनी सांगत होत्या."

अहो-जाहो करूनच टोमणे मारते. तेही गोड लागतात, हा माझा मूर्खपणा. पण वहिनी हिच्याशी बोलली कधी? कशाला? माझी अब्रू गल्लोगल्ली वाटत फिरते की काय!

घरी येईपर्यंत डोकं तापलेलं. राळे तिथेच विसरलो.

११ मार्च

आता निळी.

ती निळी, जिने आजवर कुणाला चोच लावली नव्हती. नाकावरचा तिचा भाग तपकिरी झाला, म्हणजे अंडी घालायला आली, आणि ही थेट सोनीच्या पेटीवर चाल करून गेली. तिची पेटी उजव्या भिंतीवर रिकामी पडली आहे. बघितलीसुद्धा नाही. सोनीची पापणी फाटली. पिल्लं वाचली, कारण मी पोचलो.

एक खुनी कोंडली तर दुसरी तयार. सगळी जातच तशी. घरातही तेच बघतो.

१२ मार्च

जेवायला बसलो तेव्हा आईने माझा विषय काढला. "जुराबेकचं लग्न झालं की पुढच्या दोन खोल्या त्याच्या. हमदमने आपली सोय बघावी. धाकटा आईजवळ राहतो. माझ्या सासरी हेच झालं, माहेरी हेच झालं."

हमदमदादाने मान खाली घालून नानचा तुकडा पुसून पुसून खाल्ला. वहिनीने चहाची किटली अशी ठेवली की झाकण उडालं. मग तिची पोरगी माझ्या गादीवर बसली होती म्हणून तिलाच चापट मारली. मला मारायची हिंमत नाही, म्हणून पोरीला.

मी म्हटलं, "वहिनी, किटलीचा काय दोष?"

"किटलीचा कधीच नसतो," म्हणाली. "उकळणारा दुसराच."

१५ मार्च

लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. रागाने.

शेजारच्या बायकांनी आईला पटवलं: पाखरांची वाट काय बघतेस, नवरोजच्या सणाआधी जाऊन ये. आई गेली. सोबत घरची मोठी सून म्हणून वहिनी गेली. नान, मिठाई, नवा रुमाल, सगळं घेऊन. परत आल्या तेव्हा नान तशीच फडक्यात बांधलेली. होकार असेल तर मुलीकडचे ती मोडतात; त्यांनी मोडली नाही. म्हणजे नाही.

आई तोंडावर रुमाल घेऊन पडून आहे. मी वहिनीला विचारलं, तिथे काय बोललात?

"विचारलं ते सांगितलं. मुलगा कसा आहे, इरोदाच्या आई म्हणाल्या. म्हटलं, मनाने चांगला, डोक्याने भडक. खोटं बोलायला हवं होतं?"

मी तिला हिरवी म्हटलं. तिला कळलं नाही, पण शिवी आहे एवढं कळलं. दादा उठून बाहेर गेला. नेहमीसारखा. काठीवर बसलेला नर.

१६ मार्च

सकाळीच दुकानावर गेलो. मावशीने मला बघितलं आणि मुद्दाम आत पोती मोजायला गेली. चांगली बाई.

म्हटलं, "तुझ्या आईने वहिनीचं ऐकलं ना?"

इरोदा दाणे चाळत राहिली. "आईची तयारी होती. मी नाही म्हटलं."

"तू?" मी ओरडलो.

"तुमच्या आई आमच्याकडे बसून सांगत होत्या: मोठीला हलवू, पुढच्या खोल्या रंगवू, तुमची मुलगी तिथे राणीसारखी राहील. आणि ती मोठी समोर बसून सगळ्यांना चहा ओतत होती. मी काय करायचं? तिच्या चुलीवर जाऊन बसायचं, आणि मग रोज माझी पापणी सांभाळायची?"

पापणीचं हिला मीच सांगितलं होतं, विसरलेले राळे आणायला गेलो तेव्हा. माझेच शब्द माझ्यावर.

मग म्हणाली, "पेट्या कशा टांगल्यात, दाखवा." मी परातीतल्या राळ्यांत बोटाने खोली काढली. सोनीची दारासमोरच्या भिंतीवर, उंच. बाकीच्या दोन्ही बाजूंना, खाली.

"ही एकटीच वर का?"

"ती सगळ्यांत चांगली. दारासमोरची मानाची जागा तिला नको?"

"तुम्ही पक्षी पाळता की पाहुण्यांची पंगत बसवता? मान तुमच्या घरात. त्यांना वरची पेटी दिसते, बस. एकच वर ठेवलीत तर सगळ्या तीच मागणार."

हे पुस्तकात असतं तर मी फेकून दिलं असतं. तिच्या तोंडून ऐकलं म्हणून उभा राहिलो. पण राग आला तो आलाच. नाही म्हणते, आणि वर शिकवते!

१८ मार्च

सोनीची पेटी जागची हलवली नाही. बाकीच्या तिच्याच उंचीवर चढवल्या, एका रांगेत, एकसारख्या. जोड्यांपेक्षा जास्त पेट्या लावल्या, रिकाम्या. मग हिरवीला सोडलं आणि हातात फडकं घेऊन उभा राहिलो, पकडायच्या तयारीने.

तिने एकेका पेटीत डोकावून बघितलं. सोनीच्या पेटीपाशी थांबली. मी फडकं उचललं. सोनी आतून चोच काढून ओरडली. हिरवी पुढे गेली. आपल्या पेटीत शिरली. थोड्या वेळाने पिल्लांचा ओरडा आला, भूक लागल्यावर करतात तसा, मग गप्प.

निळीने टोकाची रिकामी पेटी धरली. दिवसभर तिचं तोंड कुरतडते आहे.

म्हणजे हिरवी खुनी नव्हती? पिल्लू तर मेलंच. ते कुणाच्या नावावर लिहायचं?

लिहीत नाही.

२० मार्च

दादा सायकल पुसत होता. विचारलं, माझं लग्न झालं तर तुम्ही कुठे जाणार?

"मी रशियात. बांधकामावर. ही पोरीला घेऊन माहेरी."

"तिच्या माहेरी तर दोन भावजया आहेत."

"आहेत ना. त्यांची तयारी सुरू झालीये. हिची शिवणाची मशीनसुद्धा कुठे ठेवायची नाही ते ठरवलंय."

मी ओरडलो, मग मला कधी सांगितलं का नाही?

दादा पहिल्यांदा वर बघून बोलला. "कधी सांगायचं होतं, जुरा? तू गप्प असतोस कधी?"

आत वहिनीची मशीन चालू होती. आमचा आवाज ऐकून थांबली. मग परत चालू झाली.

मला अजून राग आहे. फक्त तो कुणाच्या अंगावर टाकावा ते समजत नाही.

२४ मार्च

कालव्यापलीकडे, तुतीच्या रांगेला लागून, एक खोली भाड्याने मिळाली. बाजूला पत्र्याची शेड. पक्षी सकाळीच नेले, पेट्यांसकट. सोनीची दोन्ही पिल्लं नीट आहेत. इरोदाला अजून काही सांगितलेलं नाही. तिने अट घातली म्हणून गेलो असं कुणी म्हणायला नको. तिनेसुद्धा.

आई मानाच्या जागेवर माझ्याकडे पाठ करून बसली आहे. "धाकटा घर सोडतो, असं या गल्लीत कुणाच्या घरी झालं नाही." एवढं एकच वाक्य, तीनदा.

बोचकं उचललं तर वहिनी गरम नान घेऊन वाटेत उभी, लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याला एक घास चावायला देतात तशी.

म्हटलं, "परदेशी निघालो नाही मी. कालव्यापलीकडे तर चाललोय."

"चावा."

एक घास चावला. उरलेली नान तिने फडक्यात बांधली, स्टुलावर चढली आणि आईच्या डोक्यावरच्या खिळ्याला टांगली. त्या भिंतीवर इतकी वर दुसरी वस्तू नाही.

"परत याल तेव्हा उरलेली खायची आहे," म्हणाली. "आणि एकटे येऊ नका."

हे उंबऱ्यावर बसून लिहिलं. आता उठतो आणि दार बाहेरून ओढून घेतो.