नागपूरचं लग्न

यवतमाळ, रविवार

प्रिय केतकी,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं, पण दुसरं काही सुचेना म्हणून राहू दिलं. माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस, म्हणून कागद. कॉलेजात माझ्या मले-तुलेवरून तू हसायचीस, म्हणून इथं मला-तुला लिहितो आहे. रागात एखाद्या ठिकाणी सुटलं तर वाचून घे. पत्र फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड. मला यात एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती पहिल्या ओळीत सांगायची हिंमत माझ्यात नाही.

दिग्रसच्या लोकांनी साक्षगंधाच्या आठ दिवस आधी नकार कळवला, हे मला गाडीच्या स्टँडवर समजलं. कारणही समजलं. पोरीची पिशवी काढलेली आहे आणि तुम्ही ते आमच्यापासून लपवलं, असा निरोप आला म्हणे. मग हे बाहेर फुटलं कुठून? तुमच्याकडे नऊ वर्षं स्वयंपाक करणाऱ्या संगीताकाकूनं फोडलं, असं तुझ्या बाबांनी बसल्या जागी ठरवलं आणि दुसऱ्या सकाळी तिला दारातूनच परत पाठवलं. तिचा डबा आत ओट्यावर होता, तोसुद्धा तुझ्या आईनं बाहेर आणून दिला. संगीताकाकू आमच्या तांड्यातली, बोरी अरबच्या बाजूची. त्यानंतर तुमच्या गल्लीतल्या आणखी दोन घरांनी तिला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हटलं. घरातलं बाहेर सांगते असा शिक्का बसल्यावर तिला आत कोण घेईल?

पिशवी काढलेली नाही. हे मला माहीत आहे, कारण डॉक्टर काय म्हणाले ते तुझी आई नागपूरच्या दवाखान्यातून परतीच्या वाटेवर तुझ्या मावशीला फोनवर तीन वेळा सांगत होती आणि गाडी मी चालवत होतो. जांघेत एक बारीक भोक, त्यातून नळी, नळीतून वाळूसारखे कण सोडायचे, ते पिशवीतल्या गाठींकडे जाणारं रक्त अडवतात आणि गाठी महिन्या-महिन्यानं सुकत जातात. पोट फाडलं नाही, टाका एकसुद्धा नाही. “टाका नाही, म्हणजे पुढे कोणाला दिसायचंही नाही,” असं तुझे बाबा पुढच्या सीटवरून म्हणाले. त्यांचा आवाज त्या वेळी जितका मोकळा होता तितका दिवसभरात झाला नव्हता. तू इतकी वर्षं महिन्यातले आठ-आठ दिवस कशी काढलीस, हिमोग्लोबिन सहावर आलं तरी पेपर कसे दिलेस, यावर मात्र त्या गाडीत कोणी एक शब्द काढला नाही.

मी बोलू शकलो असतो, कारण मी पाहिलं आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचं ते केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल, थेंब थेंब सोडत रंग बदलला की एंड पॉइंट. माझ्या जर्नलमधलं इंग्रजी तू सुधारायचीस, तुझ्या जर्नलमधल्या आकृत्या मी काढायचो, आणि आपल्याला वाटायचं की हे कोणाला कळत नाही. तू स्टुलावरून उठलीस तर स्टुलावर डाग होता. अभिषेकनं फिल्टर पेपर घेऊन तो पुसला, सगळ्यांना दाखवला आणि ओरडला, “एंड पॉइंट आला बे!” पोरं हसली. मी ब्युरेटचा स्टँड उचलला. अभिषेकचे दोन दात पडले. प्राचार्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं, मस्ती चालली होती सर. खरं कारण सांगितलं असतं तर तुझं नाव त्या चौकशीच्या कागदावर गेलं असतं. मग त्यांनी तुला बोलावलं. मी बाहेर उभा होतो आणि ते दार कधीच नीट लागत नव्हतं. तू म्हणालीस, “मी काही पाहिलं नाही, सर.” मला वर्षभरासाठी काढलं आणि मी परत गेलो नाही. घरी याडीनं, आमच्यात आईला याडी म्हणतात, दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तुला मी तेव्हा दोष दिला नाही. तू घाबरली होतीस. डिग्री झाली की घरी आपलं सांगते, असं तू म्हटलं होतंस. डिग्री झाली. सांगणं राहिलं, आणि माझा फोन उचलणंही राहिलं.

तेव्हापासून मी भावसिंगकाकाची गाडी चालवतो. सप्टेंबरात तुमच्याकडून त्याला फोन आला: नागपूर, पहाटे निघायचं. पत्ता ऐकून मी दुसऱ्याची ड्युटी मागून घेतली. तुझ्या बाबांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं, त्यांना काय कळणार. तू कठडा धरून जिना उतरलीस, मला पाहिलंस आणि बरोब्बर माझ्या सीटच्या मागे जाऊन बसलीस, म्हणजे आरशात दिसायला नको. तीन दिवसांनी आणायलाही मीच आलो. या वेळी तू मागे आडवी होतीस, पोटाशी गुडघे घेऊन, डोकं आईच्या मांडीवर. नागपूर सोडल्यापासून प्रत्येक ब्रेकरवर तू दातावर दात दाबायचीस आणि ते मला पुढे ऐकू यायचं. मी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. तुझे बाबा वैतागले, “अहो, ही गाडी आहे की बैलबंडी?” कळंबच्या अलीकडे तुला मळमळलं. गाडी कडेला घेतली. तू ओकलीस, मी पाण्याची बाटली घेऊन धावलो. तू चूळ भरलीस, बाटली माझ्या हातात परत दिलीस आणि आईच्या देखत म्हणालीस, “थँक्यू, दादा.”

ड्रायव्हरला सगळेच दादा म्हणतात, माहीत आहे मला. आई शेजारी होती, तुझ्या अंगात उभं राहायची ताकद नव्हती, तू दुसरं काय म्हणणार होतीस, हेही समजतं. पण समजल्यानं आग कमी होत नाही. उरलेल्या रस्त्यात मी मनात हजार भांडणं केली आणि गाडी मात्र तशीच सावकाश चालवली. घरी उतरताना तुझ्या बाबांनी मला बाजूला घेतलं. “कोणी विचारलं तर आम्ही नागपूरला भाचीच्या लग्नाला गेलो होतो, बरं का.” भर पितृपक्षात! सगळं आयुष्य सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाला एक धड बहाणा सुचू नये? मी मान हलवली.

पुढचे पंधरा दिवस मी रोज भाडं असो नसो तुमच्या गल्लीतून गाडी नेली. तुझी खिडकी बंदच. एकदा संगीताकाकूला कोपऱ्यावर गाठलं आणि विचारलं, केतकी कशी आहे? तिनं माझ्याकडे वरून खाली पाहिलं. “कायले विचारून राह्यला तू? लग्नाले गेलती, थकली. बुंदी जास्त झाली.” मी म्हटलं, पितृपक्षात कोणाचं लग्न होतं वं काकू? “मोठ्या लोकायचं होते. तू आपली गाडी पूस.” गाडी मीच नेली होती हे तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तरी तुझा ताप उतरला की नाही, जेवण जातं की नाही, एवढंसुद्धा तिनं सांगितलं नाही. तुला पातळ खिचडी करून घालणारी ती, तुझ्या चादरी धुणारी ती, पोट शेकायला पाणी तापवणारी ती. मला, सगळं आधीच माहीत असलेल्या माणसाला, तिनं काही सांगितलं नाही. आणि तिला तुमच्या दारातून हाकललं तेव्हा तू घरातच होतीस, केतकी. आतल्या खोलीत. तिथं झोपून सगळं ऐकू येतं, हे तूच मला कॉलेजात सांगितलं होतंस. दुसऱ्यांदा तू काही पाहिलं नाहीस.

आता ऐक. लग्न जमवताना लोक मुलीची चौकशी मुलीच्या घरी करत नाहीत. किराणावाल्याकडे करतात, इस्त्रीवाल्याकडे करतात, आणि आता गाडीवाल्याकडेही. दसऱ्यानंतर एक दिवस दिग्रसच्या एसटीतून एक जाडसर गृहस्थ उतरले आणि विचारत विचारत माझ्यापर्यंत आले. मुलाचे मामा. त्यांनी मला चहा पाजला. मोबाईलवर फोटो दाखवला: अनिमेष, पुण्यात कंपनीत, चष्मा, हसरा. वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. “लेका, कमलाकररावायच्या घरची गाडी तूच नेतो म्हणे. पोरगी तब्येतीनं कशी आहे? मागं नागपूरले लग्नाले गेलते म्हणे ते लोक.” तीन आठवडे घशात अडकलेलं सगळं एकदम वर आलं. मी म्हणालो, “लग्न कायचं? दवाखान्यात नेलती. पिशवीत गाठी होत्या.”

मी सांगितलं, केतकी. संगीताकाकूनं नाही. मी.

दिग्रसचा नकार समजल्यावर चार दिवस मी स्वतःला हेच सांगत फिरलो की मी खोटं काय बोललो? जे लोक गाठीचं नाव ऐकून पळतात ते गेले तेच बरं झालं, तुझ्यावर उपकारच झाले. पण मामांनी त्यापुढे आणखी एक विचारलं होतं. आवाज खाली आणून विचारलं, “म्हणजे पिशवी काढली काय पोरीची?” नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मला तर सगळं पाठ होतं, नळी, कण, किती महिन्यांत गाठ किती आकसते, सगळं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, “ते मले काय माहीत? मी ड्रायव्हर माणूस.” तसं म्हणताना मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, खूप बरं वाटलं. त्या ‘काय माहीत’ची दिग्रसला पोचेपर्यंत ‘काढली’ झाली.

परवा शुक्रवारी मी दिग्रसला गेलो. मामांच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर उभा राहून सांगितलं की मला माहीत होतं, पिशवी जागेवर आहे, पोरगी बरी होत आहे, मी मुद्दाम बोललो नाही. ते म्हणाले, “आता सांगून काय फायदा बाबू? पोराचं पुसदले जमलं.” मग म्हणाले, “तू कोण लागतो तिचा?” मी दुकानाबाहेर पडलो. तिथून सरळ संगीताकाकूच्या खोलीवर. तिला वाटलं मी तिच्या बाजूनं कोणाशी तरी भांडायला चाललो आहे, ती आधीच म्हणायला लागली, जाऊ दे, डोकं थंड ठेव. मी सगळं सांगितलं. तिनं शिवी दिली असती, मारलं असतं तर मला घरी जाऊन झोप लागली असती. ती तूर पाखडत होती, पाखडतच राहिली. म्हणाली, “मले सांगून काय करू? मी नाही सांगितलं हे मले माहीतच आहे. ज्यायले माहीत नाही त्यायले सांग.”

म्हणून हे पत्र. मंगळवारी दुपारी चार वाजता मी तुमच्याकडे येणार आहे आणि तुझ्या बाबांना हे तोंडावर सांगणार आहे. आपलं काही सांगणार नाही, कॉलेजचंही नाही. भावसिंगकाकाला समजल्यावर तो माझ्याकडून गाडीची किल्ली काढून घेईल, घेऊ दे. तुझ्याकडून माफी मागत नाही, कारण माझा राग अजून गेलेला नाही आणि तुझ्यावरचं दुसरंही काही गेलेलं नाही. या दोन्हींचं मी पाहून घेईन. पण माझ्या एकट्याच्या बोलण्यानं भागणार नाही. बाबा म्हणतील, ड्रायव्हर आणि स्वयंपाकीण एकाच तांड्याचे, ठरवून आले. तेव्हा तू बाहेरच्या खोलीत ये आणि ‘हा खरं बोलतो आहे, काकूनं काही केलं नाही’ एवढं सगळ्यांसमोर म्हण. त्यानंतर तिला बोलवायला फोन करू नको, कोणाला पाठवूही नको. वाघापूर नाक्याच्या मागे तिची खोली आहे, तुमच्या घरापासून पायी वीस मिनिटं. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं आहे ना? तिथपर्यंत चाल.

तुला नको असलो तरी तुझाच,
भारत