सहदेवच्या अर्जावरचे नाव

मी देवीदास वल्द किसनजी भुयार, जातीचा माळी, मूळ राहणार मौजे बेलखेड, चांदूर बाजाराजवळ, वऱ्हाड. धंदा कुलाब्याच्या वखारीत कापसाच्या गाठींवर मार्के रंगवणे. सध्या मुक्काम मुंबई, धर्मार्थ दवाखाना, खिडकीजवळची खाट. वय आईला विचारावे. मिरचीवर गारा पडल्या त्या सालचा मी, एवढेच ती सांगते. हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. कोणी धाक घातला नाही, कोणी पाजले नाही. अक्कल ठिकाणावर आहे, पाय तेवढा नाही. थप्पीची गाठ घसरून मांडीवर आली, हाड मोडले, जखम कुजली. उद्या सकाळी डॉक्टर पाय कापणार. आधी औषध हुंगवतात, मग काही कळत नाही म्हणतात. त्यातून उठतात किती, असे विचारले तर डॉक्टरांनी घड्याळ काढून पाहिले. म्हणून आजच लिहितो.

माझे अक्षर गाठीवर कुंचला फिरवून झालेले आहे, म्हणून मोठे आहे. शाळा थोडकीच झाली. शब्द चुकला तर अर्थ धरावा. चूक दाखवून कागद बाद करू नये.

कलम पहिले. बेलखेडचा मळा, विहीर, मोट आणि केळीची बाग वडिलार्जित असून काका उत्तमराव यांच्या वहिवाटीत आहे. त्यावर मी एकटा काही लिहू शकत नाही व लिहीत नाही. मात्र एक गोष्ट नोंदवून ठेवतो. कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा गावाने ज्वारीसुद्धा मोडून कापूस पेरला. काकांनी वांगी लावली. लोक बांधावर उभे राहून हसत, "उत्तमराव, घरी लक्ष्मी येऊन राहिली अन् तुमी भटे काहून लावता?" काका म्हणत, "कापूस शिजवून खासान का?" दुसऱ्या वर्षी चांदूरच्या बाजारात भाजी मिळेना, आणि आमच्या वांग्यांना मागतील तो भाव आला. त्या वांग्यांवर माझा धाकटा भाऊ सहदेव अमरावतीच्या शाळेत राहिला. पुढे मी काकांविरुद्ध लिहिणार आहे, म्हणून हे अगोदर लिहिले.

कलम दुसरे. वखारीच्या मुनीमजीकडे माझी साचलेली मजुरी जमा आहे. ती सगळी सहदेवच्या कॉलेजासाठी आहे. सहदेव या आठवड्यात इथेच मुंबईत मॅट्रिकच्या परीक्षेला बसला आहे. पास झाला तर पुण्याच्या कॉलेजात अर्ज करायचा, फी भरायची, पुस्तके घ्यायची, राहायला खोली घ्यायची, हे सर्व त्यातून व्हावे. यातला पैसा कोणत्याही शेअरात घालू नये. माझ्या खोलीतला जोडीदार शेषराव, मूर्तिजापूरकडचा, रोज मागे लागतो.

"सारी मुंबई शेअर घेऊन राहिली बे. आपला भिस्तीबी घेते. तूच एक येडा."

"समुद्र बुजवून जमीन काढणार म्हणतात," मी म्हटले, "पाहून ये, किती बुजला."

"पाहाले कोन जाते? भाव चढते ना!"

न पाहिलेल्या जमिनीवर मी माळ्याचा पोरगा पैसा लावणार नाही, आणि माझ्यामागे कोणी लावू नये.

कलम तिसरे. कुंचले, पत्र्याचे छाप व घोंगडी शेषरावला. तो शेअर घेतो तरी माणूस चांगला आहे; मला वखारीतून इथवर त्यानेच खांद्यावर आणले. नवा जोडा सहदेवला. परीक्षेला त्याच्याबरोबर जाताना घालीन म्हणून घेतला होता. आता मला दोन्ही लागणार नाहीत, आणि पायात जोडा नसला तर कॉलेजात काय म्हणतात ते मला माहीत नाही. थप्पी उंच करा, उंच करा म्हणून ओरडणाऱ्या मुकादमाला काही नाही. त्याला माफ केलेले नाही, हेही नोंदवावे.

कलम चौथे. हे कलम मुख्य आहे. मी मेलो तर सहदेवचे कॉलेज पैशावाचून अडणार नाही. ते आमच्या रीतीने अडेल. रीत न जाणणाऱ्यासाठी सांगतो. आमच्या भावकीत थोरला भाऊ मेला आणि मागे वहिनी तरणी असली, तर धाकट्या दिराशी तिचा पाट लावून देतात. बाई घरात राहते, शेत घरात राहते. वाईट रीत आहे असे मी म्हणत नाही. इतर जातींत बाईचे जे हाल करतात त्यापेक्षा बरीच आहे. पण पाट लागलेला माणूस पुण्यास शिकायला जात नाही. त्याच्या हाती मोटेचा दोर देतात.

हे मी घरात पाहिले आहे. आमचे वडील किसनजी पटकीने गेले तेव्हा सहदेव आईच्या मांडीवर होता. उत्तमकाका त्या वेळी तरणेबांड, एलिचपूरच्या पलटणीत नाव लिहायला निघालेले. फेटासुद्धा नवा आणला होता. पंच बसले, आणि आईचा पाट काकांशी लागला. तो फेटा त्यांनी त्याच वेळी बांधला, मग कधी नाही. मला पंतोजीकडून काढून मोटेवर बसवले. मी रडलो. काका बैल हाकता हाकता म्हणाले, "रडतं काहून बे? मले कोनी इचारलं होतं का?" मला ते फार लागले. मिसरूड फुटताच मी कापसाच्या गाड्यांबरोबर पळालो तो मुंबईसच थांबलो. एका जागी मन ठरत नाही, हा माझा दोष आहे असे आई म्हणते. असेल.

पण सहदेवला मोटेवर बसू द्यायचे नाही, हे मी गाडीवरच ठरवले होते.

गेल्या दसऱ्यास घरी गेलो तेव्हा अमरावतीच्या हेडमास्तरांना भेटलो. ते पुण्याकडचे. म्हणाले, "मुलगा हुशार आहे, पास होईल. पण अर्जावर पालकाचे नाव लागते. फीला कोण जबाबदार, वर्तणुकीला कोण जबाबदार, त्याची सही. आणि जेवायची सोय तुमची तुम्ही पाहा. मुले आपापल्या जातीत जेवतात. तुमच्यातला तिथे सध्या कोणी दिसत नाही."

मी म्हटले, "पालक मी. पुण्यात खोली घेतो, बायकोला आणतो, ती रांधील."

"मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले. सहदेवने तिथेच बसून अर्जाचा मसुदा लिहिला. पालक, देवीदास किसनजी, वडील बंधू. मी ते नाव दोनदा वाचले. आजवर दुसऱ्यांच्या मालावर दुसऱ्यांचे मार्के रंगवत आलो, म्हणून.

परवा शेषराव खाटेशी बसला आणि म्हणाला, "देवीदास, खरं सांगू का? तू गेला तं तुह्या भावाचं कालेज गेलं. तेरवीलेच पाट ठरवतीन."

"पैसा आहे ना."

"पैशाले काय चाटतं? पोट्ट्याले रांधून कोन देईन? तुही बायको. पाटाबिगर एका खोलीत राहीन का ते? अन् पाट लागला तं तुहा काका सोडीन का पुन्याले?"

तो उठून गेला. मी तेव्हापासून हेच घोळवतो आहे. पायाचे दुखणे त्यापुढे कमी वाटते.

कलम पाचवे. माझी बायको रुख्मिणी हिचे चांदीचे गोट, सरी व माहेरची भांडी तिची आहेत. त्यावर कोणाचा हक्क नाही. तिने माझ्यामागे माहेरी जावे

वरची ओळ अर्धीच सोडून खोडली आहे. ती मी खोडली, दुसऱ्या कोणी नाही. कारण मागे एकदा मी थट्टेने तिला म्हटले होते, मी मेलो तर तू काय करशील? ती वांगी निवडत होती. म्हणाली, "मी का गोऱ्हा हाय का, का दावं सोडलं अन् दुसऱ्याच्या गोठ्यात बांधलं? मले इचारा, मंग सांगीन." मी हसलो. आज हसू येत नाही. तिला काय हवे ते मी कधी विचारले नाही, आणि विचारायला आता मध्ये सारे खानदेश आणि वऱ्हाड आहे.

कलम सहावे. यात असे लिहिले होते की, सहदेवने पंचांसमोर रुख्मिणीच्या पायावर डोके ठेवून तिला आई म्हणावे. एकदा आई म्हटले की पाटाची गोष्ट कायमची मिटते. आमच्यात नत्थुजी भुयारांनी असेच केले होते. लिहून झाल्यावर मोठे समाधान वाटले. मग ते समाधान कशाचे हे पाहिले, आणि हेही कलम खोडले.

कशाचे ते लिहितो, कारण खोट्या मनाने लिहिलेले मृत्युपत्र टिकू नये. दसऱ्यास मी घरी असताना रुख्मिणीने चुलीतली राख पसरून बोटाने अक्षरे काढली. देवीदास. बायको नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाही, पण लिहिले. मला म्हणाली, "अवो, लिवलं तं चालते ना?"

"तुले कोनं शिकवलं?"

"भाऊजीनं. सुटीत आले का दोन अक्षरं शिकवते. डोकं हाय म्हनते मले."

मला आनंद झाला आणि आत कुठेतरी चटकाही बसला. मी इकडे कापूस झाडतो, आणि ते दोघे चुलीपुढे बसून अक्षरे गिरवतात. त्यांच्यात काही वावगे नाही, हे मी शपथेवर लिहितो. तो अजून पोरगाच आहे. पण उद्या तो मोठा होईल, ती एकटी असेल, आणि त्यांच्याच मनात आले तर? ते आई म्हणायचे कलम कॉलेजासाठी नव्हते. ते मेल्यावरही दारात आडवे पडून राहायची माझी सोय होती. म्हणून खोडले.

कलम सातवे. आता पक्के लिहितो. पुण्याच्या अर्जावर सहदेवचा पालक म्हणून माझ्या जागी रुख्मिणीचे नाव घालावे. मुनीमजीकडची रक्कम तिच्या हाती द्यावी; फी ती भरील, वर्तणुकीला ती जबाबदार राहील. तिची मर्जी असेल तर तिने पुण्यास राहून त्याला रांधून घालावे. आईने अधूनमधून तिथे जाऊन राहावे, म्हणजे लोकांच्या तोंडाला विषय मिळणार नाही. तिची मर्जी नसेल तर तिने कुठेही राहावे, कोणाशीही पाट लावावा; माझा आत्मा अडवणार नाही. तसे झाल्यास सहदेवने हाताने भाकरी थापावी. त्याला येते, मीच शिकवली आहे. बाईमाणूस पालक चालत नाही असे कॉलेजवाले म्हणाले, तर हेडमास्तरांनी त्यांना हा कागद दाखवावा.

सहदेव कॉलेजातून पास होईपर्यंत पंचांनी त्याच्या पाटाचा विषय काढू नये. जबरीने काढला तर शिल्लक पैसा घरी न जाता अमरावतीच्या शाळेतल्या दुसऱ्या एखाद्या माळ्याच्या मुलाला मिळावा. सहदेव पास झाल्यावर त्याने व रुख्मिणीने काय करावे ते त्या दोघांनी ठरवावे. हे वाक्य लिहायला मला सर्वांत वेळ लागला. ते खोडलेले नाही.

कलम आठवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कोणी करावी? शेषराव म्हणतो, एखादा वकील पाहा. मी काका उत्तमराव यांना नेमतो. त्यांच्यावर माझा जुना राग आहे आणि तो इतक्यात जाणार नाही. पण नवा फेटा असाच पडून राहिला म्हणजे काय होते, हे बेलखेडात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

काका, पंच बसतील तेव्हा तुम्हीच वडीलधारे असाल. पानसुपारी फिरायच्या आत उठून एवढेच म्हणा, "पोट्ट्याले इचारा. पोरीले इचारा." तुम्हाला कोणी विचारले नव्हते. आईलाही नव्हते. ते मला मोटेवर कळले नाही. इथे खाटेवर पडल्यावर कळले. मी पळालो त्या दिवशी तुम्ही वेशीपर्यंत मागे आला होता आणि हाक न मारता परतला होता, ते मी गाडीवरून पाहिले होते.

कलम नववे. सहदेवचा शेवटचा पेपर परवा आहे. मी गाठींबरोबर सुरतेस गेलो आहे असे त्याला सांगितले आहे. तो पेपर होईतो हा कागद, माझा पाय किंवा माझे मढे, यांतले काही त्याला दाखवू नये. मी उद्या उठलो तर हे सर्व रद्द. मग मी पुण्यास जाईन. चुलीपुढे तसेही बसूनच रांधायचे असते.

न उठलो तर शेवटचे एक. पालकाची सही अंगठ्याने करायची नाही. रुख्मिणीने लिहावी, आणि कागदाच्या रीतीने पूर्ण लिहावी, रुख्मिणी भ्रतार देवीदास. आईकडून चुलीची राख मागून घेऊन एकदा गिरवून पाहावे. तिला माझे नाव लिहिता येते.

सही, देवीदास वल्द किसनजी भुयार, दस्तुरखुद्द

साक्षीदार
शेषराव वल्द रामजी, राहणार मूर्तिजापूर, निशाणी नांगर. मजकूर वाचून दाखवला. शेअराबद्दल लिहिलेले त्यास कबूल नाही, बाकी कबूल.
माणिक वल्द सखाराम, दवाखान्यात मलमपट्टी करणार, सही

मुक्काम मुंबई, कार्तिक वद्य पंचमी, शके १७८६